मशीनचं तोंड रस्त्याकडे

आमच्या घरात देव नव्हते, पण मतं भरपूर होती. बाबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले देव टोपलीत भरून नदीला पोचवले, असं आई सांगायची. मी तेव्हा जन्मले नव्हते. मतांची टोपली मात्र कोणी भरली नाही. ती घरातच राहिली, वाढली, आणि जेवताना, भांडी घासताना, आंघोळीच्या पाण्याची वाट बघताना एकमेकांवर आदळत राहिली. बाबांचं नाव देवमन. नावातला देव नदीला पोचवायचा राहून गेला म्हणून पंजाबकाका त्यांना चिडवायचे, "दादा, अर्धा तं तूच राह्यला ना बुडवाचा!" बाबा हसायचे नाहीत. ते विवेकवादी होते, आणि विवेकवादी माणसाने धाकट्या भावाच्या विनोदाला हसू नये असं त्यांचं एक मत होतं.

घर कारंज्याच्या कडेला, रस्त्याला लागून. पुढे अंगण, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक लांबट खोली, आणि त्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवलेला सागवानी दाराचा एक पल्ला. तो कुठल्याच दाराचा नव्हता. तो तुळसाआत्याचा होता. आत्या बाबांची थोरली बहीण, अनसिंगकडच्या एका खेड्यात दिलेली. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तो वावरात गेल्याची संधी साधून ती परत घरी गेली, दाराच्या दोनपैकी एक पल्ला चौकटीतल्या कुसवातून उचकटून काढला, डोक्यावर घेतला आणि माहेरी आली. "त्यानं मले दाराबाहेर काढलं, म्हून म्या दारच काढून आनलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. एसटीच्या टपावर पल्ला चढवताना कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं. "पोर नाई तं नाई, अर्धं तिकीट तं लागलं माह्यं," असं म्हणून ती स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायची. आत्या दुपारी त्या पल्ल्याला पाठ टेकून तूर निवडायची, बिब्बे फोडून चटका बसलेल्या बोटांना तेल लावायची, आणि उन्हाळ्यात तोच आडवा टाकून त्यावर झोपायची. उरलेल्या एका पल्ल्यामागे तिचा नवरा कसा राहत असेल, याची मला लहानपणी फार उत्सुकता होती.

बाबा जिनिंगमध्ये लाकडी कामाचे मिस्त्री होते. तिथल्या गोदामात गोल आऱ्याचं एक मशीन गंजत पडलं होतं. मालक जैन, मशीनच्या पोटात उंदरांनी संसार मांडलेला. उंदरांना इजा न करता नेत असाल तर घेऊन जा, असं मालक म्हणाले. बाबांनी शब्द पाळला, त्यामुळे मशीन आणि उंदीर दोन्ही आमच्याकडे आले. उंदीर स्वयंपाकघरात गेले आणि मशीन अंगणातल्या टिनाच्या छपराखाली. मी त्या साली मॅट्रिकला बसून मोकळी झाले होते, आणि माझं पुढे काय करायचं यावर घरात अजून मतं जमायची होती. तोवर मी मशीनच्या कामाला लागले. नट-बोल्ट घासलेटात भिजवणं, गंज खरवडणं, कुठला तुकडा कुठे बसतो हे आठवून ठेवणं, ही सगळी कामं माझ्याकडे होती. घासलेट आईच्या स्टोव्हमधलं होतं. आई दर संध्याकाळी स्टोव्ह कानाशी धरून हलवायची, आत किती उरलंय ते ऐकायची आणि कोणाकडेही न बघता म्हणायची, "मशीनचं पोट भरलं का? मंग आता मानसाइचं पाहू."

हे मशीन नुसत्या हौसेने आलं नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात विहार उभं राहत होतं. भिंती झाल्या होत्या, छप्पर झालं होतं, दार राहिलं होतं. कमिटीच्या बैठकीत बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आजवर आपन दुसऱ्याच्या दाराबाहेर उभे राह्यलो. आता दार आपन कराचं. लाकूड आपलं, हात आपला." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाला जे होतं ते बाबांना झालं, आणि दसऱ्याला दार लागलेलं असेल असंही ते बोलून गेले. मग घराघरातून लाकूड आलं. कोणी मोडक्या बाजेचा पाय दिला, कोणी पाळण्याची फळी, कोणी बैलगाडीचं जुनं जू. अंगणात ढीग झाला. चौकटीचं आणि आडव्या पट्ट्यांचं भागत होतं, पण दाराच्या मधल्या उभ्या पाट्यांना लागेल असं सरळ, जुनं, मुरलेलं सागवान सगळ्या ढिगात एकच होतं, आणि ते ढिगात नव्हतं. ते भिंतीला टेकलेलं होतं. बाबांनी आत्याकडे विषय काढला नाही. आत्यानेच काढला. "घेजो माहा पल्ला," ती म्हणाली, "पन आधी तुह्यं मशीन दुसऱ्या लाकडावर सरखं चालून दाखव. माह्या पल्ल्यावर शिकाचं नाई." कमिटीचे सेक्रेटरी तिथेच होते. ते सौम्य गृहस्थ होते आणि वाईट बातमी नेहमी हळू आवाजात सांगायचे. दसऱ्याच्या आत जमलं नाही तर दाराचं काम गावातल्या सुताराला द्यावं लागेल, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. बाबांचा चेहरा त्या वेळी कसा झाला, ते मी अजून विसरले नाही.

तर आम्ही मशीन जोडलं. लोखंडी टेबल, टेबलाच्या मधोमध फट, फटीतून वर आलेलं गोल पातं, आणि खाली पट्ट्याने जोडलेलं काकांचं ऑईल इंजिन. काका दुसऱ्याचं वावर मक्त्याने करायचे. त्यांची विहीर त्या साली आटली होती, त्यामुळे इंजिनही बेकारच होतं. लांब फळ्या पुढे निघायला जागा हवी, म्हणून मशीन असं मांडलं की काका घराकडे पाठ करून उभे राहतील, फळी ढकलतील, आणि कापलेली पाटी पात्यापलीकडे रस्त्याच्या बाजूने बाहेर येईल. शेवटी राहिली ती पट्टी. पात्याच्या शेजारी टेबलावर एक लांब लोखंडी पट्टी बसवायची असते. फळी तिला टेकवून ढकलायची. पट्टी आणि पातं यांच्यात जेवढी जागा, तेवढ्या रुंदीची पाटी निघते. पट्टीला घराकडच्या टोकाला एक बोल्ट, रस्त्याकडच्या टोकाला एक. दोन्ही सैल केले की पट्टी हवी तशी सरकते, आवळले की थांबते. त्यातल्या एका बोल्टाचं नट उंदरांच्या काळातच हरवलं होतं, तिथे सायकलवाल्याकडचं एक नट ठोकून बसवलं. एवढीशी गोष्ट, पण आमच्या घरात ती आली आणि तिच्यावर दोन दिवस चर्चा झाली.

त्याआधी नारळावरून झाली. काकांना मशीनवर नारळ फोडायचा होता. बाबांनी साफ सांगितलं, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपन? मंग नारळ कायले?" काकांनी नारळ आईकडे दिला आणि आईने त्याची चटणी केली. इथवर आमचं घर विवेकाने चाललं होतं. मग काकांनी विचारलं, "दादा, पट्टी गायमुखी ठेवाची ना?"

वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी कधी जागा घेतली असेल त्यांना हे सांगायला नको. ज्या जागेचं तोंड अरुंद आणि मागची बाजू रुंद ती गायमुखी, चांगली; तोंड रुंद आणि मागे निमुळती ती वाघमुखी, घरातलं माणूस खाणारी. आमच्याकडे घर, गोठा, खळं, काहीही आखताना आधी हे बघायचे. मला वाटलं, आता बाबा काकांना नारळासारखंच उडवून लावणार. बाबा विचारात पडले आणि म्हणाले, "हाव. गायमुखीच ठेवा लागन." काकांनाही नवल वाटलं. "अन् नारळ नाई म्हनलं तं?" बाबा म्हणाले, "नारळाची गोष्ट येगळी. हे देवाधर्माचं नोहे, अनुभवाचं हाये." आणि मग पट्टी पात्याला अगदी सरळ, समांतर ठेवावी असं घरातल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. वाद एवढाच राहिला की मशीनचं तोंड कुठलं. तो दुसऱ्या दिवशी मिटला. घराचं तोंड रस्त्याकडे, गोठ्याचं तोंड रस्त्याकडे, दुकानाचं तर रस्त्याकडे असतंच. "मशीनचं तोंडबी रस्त्याकडेच," बाबांनी निकाल दिला. म्हणून रस्त्याकडच्या टोकाला पट्टी पात्याच्या जवळ आणली, घराकडच्या टोकाला थोडी लांब ठेवली, आणि दोन्ही बोल्ट मी दात ओठ खाऊन आवळले.

माझा मुलगा इंजिनिअर आहे. परवा त्याने अमरावतीला प्लॉट घेतला आणि मोबाइलवर मला नकाशा दाखवत म्हणाला, "आई, गायमुखी आहे बरं का." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "अंधश्रद्धा नाही गं, यात लॉजिक आहे," तो घाईने म्हणाला. आजोबा नातवाने पाहिलेले नाहीत. तरी शब्द तेवढे बदलले, आवाज तोच होता.

पहिल्या दिवशी बाभळीची एक फळी घेतली. इंजिन चालू झालं की सगळा मोहल्ला टुकटुकायचा. समोरच्या घरातली भांडी मांडणीवर हलायची. काकांनी फळी ढकलली. सुरुवात सुरेख झाली, पात्याने कर्र करून लाकूड घेतलं आणि भुसा उडाला. अर्ध्यावर गेल्यावर पात्याचा आवाज चढला. धूर निघाला. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काय जळून राह्यलं?" तिला वाटलं, तिचंच वरण लागलं. काकांनी जोर लावला. फळी पुढे जाईना. पात्याने तिला उचललं आणि जशी आली तशी उलट भिरकावली. काका त्याच क्षणी पायजमा सावरायला बाजूला झाले होते म्हणून वाचले. फळी त्यांच्या बगलेजवळून सुटली, मधल्या खोलीतून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कळण्याच्या पिठाच्या परातीत उभी राहिली. आई काही वेळ परातीकडे बघत होती. मग बाहेर येऊन म्हणाली, "मी भाकरी करू का तुमच्या मशीनची वाट पाहू, ते आधी सांगा."

आता खरी गंमत सांगते. फळी उलटून आली, तेव्हा पट्टीवर कोणी संशय घेतला नाही. उलट बाबा म्हणाले, "गायमुखी कमी पडली." पट्टीचं रस्त्याकडचं टोक आणखी आवळून पात्याजवळ आणलं. दुसरी फळी पहिलीपेक्षा काळी झाली आणि मधून फाटली. मग पात्याचे दात घासले. मग इंजिनचा पट्टा बदलला. मग बाभूळ ओली आहे असं ठरलं. मग कडुनिंब घेतला, तर तोही ओला निघाला. मोहल्ल्यातले लोक संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसू लागले, आणि प्रत्येकाने काही ना काही दोष काढला. फक्त गाय निर्दोष राहिली. वरणात भुसा, ताकात भुसा, माझ्या वेणीत भुसा. सेक्रेटरी एक दिवस आले, जळक्या फळ्यांचा ढीग बघितला, आणि हळू आवाजात म्हणाले की त्यांनी सुताराशी सहज बोलून ठेवलंय. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. सकाळी मी उठले तर ते अंगणात मशीनसमोर उकिडवे बसले होते आणि पट्टीवरून नुसता हात फिरवत होते. मला त्यांची दया आली, आणि बापाची दया येणं ही गोष्ट मला मुळीच आवडली नाही.

आत्या ओसरीत बसून अंबाडी खुडत होती. ती इतके दिवस गप्प होती, तेच आम्हाला सगळ्यांना भारी वाटत होतं. काका इंजिनात तेल घालत होते. आत्याने विचारलं, "देवमन, तुही गाय कोनीकडे तोंड करून उभी हाये?"

"रस्त्याकडे," बाबा म्हणाले.

"अन् पंजाब फळी कोनीकडून घुसाडते?"

काकांनी तेलाचा डबा खाली ठेवला.

"शेपटाकडून घुसाडते ना बापा!" आत्या म्हणाली. "शेपटाकडून गेला तं गाय लाथच मारन. दुसरं काय करन ते? तोंड जठून आत जाचं तठी असते. तुमी गाय उलटी बांधली, अन् बाभयीले शिव्या देऊन राह्यले."

काका आधी हसले. मग आई हसली, मग मी. बाबा हसले नाहीत. ते उठले, दोन्ही टोकांना वाकून बघितलं, आणि म्हणाले, "पाटी पात्यातून निघाली की तिले पुढं जागा पाह्यजे. आपन जागाच ठेवली नाई. तिथंच आवळली जाते, म्हून जळते, म्हून उलटून येते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याच्यात गायीचा काई संबंध नाई, समजलं? ह्याले मोकळीक म्हनाचं." मी हो म्हटलं. आत्या म्हणाली, "हाव, मोकळीकच म्हन. गायीले काय फरक पडते?"

पट्टी लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण पात्याजवळ माझाच हात नीट जायचा. इंजिनचा पट्टा काढून ठेवला. पात्याच्या एका दातावर खडूने खूण केली, तो दात घराच्या बाजूला आणला आणि दात ते पट्टी एवढी एक काडी कापून घेतली. मग पातं हाताने फिरवून तोच दात रस्त्याच्या बाजूला नेला आणि तीच काडी तिथे लावून बघितली. पातं थोडं वाकडं असलं तरी दात एकच धरला की फसगत होत नाही, हे बाबांनी मला तेव्हा शिकवलं. घराच्या बाजूला काडी घट्ट बसत होती. रस्त्याच्या बाजूला काडीच्या जोडीला एक पोस्टकार्ड सरकेल एवढीच जागा ठेवली. बोल्ट आवळला की पट्टी हलायची, पुन्हा सैल करायचा, पुन्हा काडी. सायकलचं नट दर वेळी मन बदलायचं. ऊन वर आलं, आईने हाक मारली, अंबाडीची भाजी आणि भाकर झाली होती, पण कोणी जागचं उठलं नाही. शेवटी मी अंगठा लावून पाहिला आणि म्हटलं, "झालं." बाबांनी स्वतः तपासलं नाही. माझ्या आयुष्यात माझ्या शब्दावर एवढा भरवसा त्याआधी कोणी टाकला नव्हता, आणि नंतरही फार लोकांनी टाकला नाही.

बाभळीची फळी या टोकाकडून शिरली आणि त्या टोकाने निघाली. धूर नाही, किंचाळी नाही. कापलेली कड हाताला गार लागत होती. काका रस्त्यावर जाऊन नाचले. बाबा ओसरीत आत्यासमोर जाऊन उभे राहिले. आत्या उठून खोलीत गेली, पल्ल्याच्या आतल्या अंगाची जुनी कडी स्वतः पक्कडीने उपटून काढली, खिळे चाचपून पाहिले, आणि म्हणाली, "म्या ढकलीन." काकांनी बायामाणसाचं हे काम नव्हे असं काहीतरी सुरू केलं. "पंजाब, हा पल्ला तू आनला होता का डोक्यावर?" एवढंच ती म्हणाली. काका इंजिनकडे गेले. आत्याने पदर खोचला, पल्ला पट्टीला टेकवला आणि दोन्ही तळहातांनी ढकलत नेला. शेवटचा वीतभर बाबांनी पलीकडून ओढून घेतला. जुन्या सागवानाचा वास अंगणभर सुटला. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. भुसा गेला, ती म्हणाली. भुसा रस्त्याकडे उडत होता.

दसऱ्याच्या दिवशी विहाराला दार लागलं. पांढरे कपडे, मेणबत्त्या, वंदना, मग भाषणं. अकोल्याहून आलेल्या पाहुण्यांनी जुन्या खुळचट समजुती गाडून टाकल्याबद्दल मोहल्ल्याचं कौतुक केलं आणि उदाहरण म्हणून हे शास्त्रशुद्ध दार दाखवलं. बाबा जमिनीकडे बघत होते. काका खोकत होते. जेवणं उरकली, लोक पांगायला लागले, तेव्हा सेक्रेटरींनी खिशातून नवी पितळी कडी आणि कुलूप काढलं आणि मधल्या पाटीवर कडी कुठे बसवायची याची जागा बघू लागले. ती पाटी आत्याच्या पल्ल्यातली होती. आत्या गर्दीतून पुढे आली आणि पाटीवर हात ठेवून उभी राहिली.

"इथं कडी नाई लागाची," ती म्हणाली.

सेक्रेटरी हळू आवाजात समजावू लागले. आत्याने त्यांना बोलू दिलं. मग त्यांच्यासारख्याच हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, ह्या पल्ल्याले आतून कडी लागली होती, अन् मी बाहेर होती. पानी पडून राह्यलं होतं. सकायपर्यंत दार वाजोलं म्या." मी तिचा तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं ती अर्ध्या तिकिटाची गोष्ट सांगून आम्हाला हसवत आली होती, आणि आम्ही हसत आलो होतो.

बाबांनी सेक्रेटरींच्या हातातून कडी घेतली आणि आपल्या खिशात टाकली.

"पन आत्याबाई," सेक्रेटरी शेवटी म्हणाले, "कुत्रे शिरतीन ना."

"शिरतीन तं शिरतीन," आत्या म्हणाली.

शिरले. पुढे कितीतरी वर्षं विहाराचं ते दार नुसतं लोटलेलं असायचं, आणि पावसाळ्यात सकाळी आत्याबरोबर मी झाडायला गेले की आत एखादं भिजलेलं कुत्रं अंग दुमडून झोपलेलं असायचं. आत्या त्याच्या भोवतीने झाडायची.